घेतलेलं दुखणं टाकते कुठे?

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्यानं आपणहून पिशवी भरून दिली की मी ती तिथेच ओतून तळाचे टोमॅटो बघते. नवरा म्हणतो, तुला पोलिसात घ्यायला हवं होतं. त्यामुळे इथे आखातात, हूऱ्यातल्या आमच्या समोरच्या फ्लॅटमधली आर्मेनियन म्हातारी जेव्हा मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "मुलीला दुपारी माझ्याकडे ठेव," तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं, की हिला यातून काय मिळणार?

पण अडलेली मी होते. लेक सात वर्षांची, दम्याची. शाळेची बस तिला दोनला सोडायची, मी लॅबमधून पाचला यायची, आणि नवरा मआमीरजवळच्या कारखान्यात शिफ्टला. आधी सांभाळणारी बाई कायमची केरळला निघून गेली होती. दम लागला की वेळेवर पंप देणारं कुणी मिळालं नाही, तर मला नोकरी सोडावी लागणार होती. ती नोकरी मी किती जणांच्या नाकदुऱ्या काढून मिळवली होती, ते माझं मला माहीत. तेव्हा संशय गुंडाळून ठेवला आणि लेकीला समोर पाठवली.

चार-पाच महिने बरे गेले. लेक तिला तातीक म्हणायला लागली; त्यांच्यात आजीला तसं म्हणतात. घरी आली की तातीकनं काय भरवलं तेच पुराण. डब्यातली माझी भाजी मात्र तशीच परत.

मग एका धुळीच्या दिवशी मी लवकर घरी आले. म्हातारीचं दार उघडंच होतं. लेक सोफ्यावर, पंप नुकताच घेतलेला, छाती अजून वाजत होती. आणि म्हातारी तिच्या पाठीवर तळवा ठेवून, डोळे मिटून पुटपुटत होती, "त्सावत तानेम, त्सावत तानेम." काय म्हणताय असं विचारलं तर म्हणाली, "गुड वर्ड. व्हेरी गुड वर्ड." एवढा चांगला आहे तर डोळे मिटून कशाला म्हणायचा?

तिचा मुलगा एका हॉटेलात पियानो वाजवतो. दुसऱ्या दिवशी त्याला लिफ्टमध्ये गाठला. त्यानं बोटांवर मोजत सांगितलं: "त्साव म्हणजे दुखणं. पुढे त लावला की तुझं दुखणं. तानेम म्हणजे मला घेऊन जाऊ दे." तुझं दुखणं मी घेऊन जाते. कुठून आला हा शब्द, विचारलं. नक्की माहीत नाही म्हणाला. त्याची आजी सांगायची, पूर्वी बायका आजाऱ्याच्या उशाशी बसून हे खरोखरच मागायच्या. आता आपण 'सोन्या', 'राजा' म्हणतो तसं झालंय, टॅक्सीवाल्यालासुद्धा म्हणतात. त्यानं हे हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

माझं माहेर देवरुखच्या बाजूचं. मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या मुठीत घेऊन ओवाळणारी आई मी शंभरदा बघितली आहे. पण तिनं पीडा कधी अंगावर घेतली नाही. ती मुठीत उतरवायची आणि तीन वाटा मिळतात त्या तिठ्यावर टाकून मागे न बघता घरी यायची. उतरवलेलं कुठेतरी टाकावंच लागतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मग ही बाई रोज माझ्या लेकीचं दुखणं घेते, ते टाकते कुठे? तिच्या दारापासून माझं दार चार पावलांवर.

झालं. मी पाळतच ठेवली. दाराच्या भोकातून बघायची. ती केर घेऊन बाहेर आली की माझे कान टवकारलेले. एकदा तिनं पुसायचं पाणी जिन्याजवळ सांडलं, तर मी लगेच दोन बादल्या ओतून जागा धुऊन काढली. दाराला लिंबू-मिरची बांधली.

नवरा म्हणाला, "अगं, तू लॅबमध्ये काम करतेस ना?"

"लॅबमध्ये करणीची टेस्ट नसते," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात लेकीला जोराचा अटॅक आला. दोन दिवस हॉस्पिटल, नाकावर मास्क. दुसऱ्या दिवशी मी कपाळ दाबत बसले होते, तर तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "त्सावत तानेम, आई." मी तिचा हात झटकला. आजारी पोरीचा हात. त्याची लाज मला आजही वाटते. पण तेव्हा डोक्यात एकच होतं, की म्हातारीनं माझ्या मुलीला शिकवून ठेवलंय.

घरी आलो तशी मी समोरची बेल वाजवली. मायलेक दोघंही दारात आले. मी सरळ विचारलं, "माझ्या मुलीचं जे घेता, ते टाकता कुठे? माझ्या दारात?" म्हातारीला कळलं नाही. मग मुलानं खाली बघत तिला त्यांच्या भाषेत सांगितलं.

ती माझ्याकडे वळली. मग बोलली, आणि तो वाक्यावाक्याला थांबत सांगत गेला. "ती म्हणते, टाकायचं कुठे? घेतलं तर आपल्यापाशीच ठेवायचं असतं. ती म्हणते, माझ्या बहिणीच्या, म्हणजे तिच्या मुलीच्या, उशाशी ती हेच म्हणत होती. अकरा महिने. तिला काहीच घेता आलं नाही."

मी घरी परत आले. लिंबू-मिरची त्याच संध्याकाळी काढली.

लेकीसाठी काढलेली रजा संपायला चार दिवस उरले होते. दुसरं कुणी मिळेना. नारळाच्या वड्या केल्या आणि लेकीला नवऱ्याजवळ ठेवून समोर गेले. म्हातारीनं कॉफी केली, एक वडी खाल्ली, छान झाली म्हणाली. मी माफी मागितली, अगदी हात धरून. मग म्हटलं, रजा संपली की लेकीला पुन्हा पाठवू का?

"नको," ती म्हणाली. तिच्या तोडक्या इंग्रजीत, पण सावकाश, मला नीट समजेल असं. "मला राग नाही. पण आता तिला खोकला आला की तू माझ्याकडे बघशील."

छे, असं काही नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात आमच्या घरातून लेकीच्या खोकल्याची उबळ ऐकू आली, आणि माझी नजर गेली ती थेट म्हातारीच्या हातांकडे.