लुगडं न धुता नेसणाऱ्या मालतीताई

बाबांची तीन बोटं रायपूरच्या भनपुरीतल्या लोखंडाच्या कारखान्यात गेली. मालकाच्या माणसांनी लिहून घेतलं की ती घरीच तुटली, आणि सोबतचे कामगार मान खाली घालून उभे राहिले. त्यानंतर आईनं तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांत भांडी घासून मला शिकवलं. आमच्या घराण्यात बी.ए. झालेली मी पहिली, हे मी कोणापुढेही सांगते.

आई ज्यांच्याकडे कामाला जायची, त्यांत मालतीताई एक. आठवडाभर नव्या रायपुरातल्या सरकारी ऑफिसात टायपिंग, रविवारी पिक्चरमध्ये काम. त्यांचे पिक्चर टॉकीजला लागत नसत. बंद गोदामात चादर बांधून ओळखीच्या तीस-चाळीस माणसांना दाखवायचे. परवानगी कोणी मागत नसे, मिळालीही नसती.

पिक्चर खऱ्या घडलेल्या गोष्टींचे असत. ज्या बाईची गोष्ट, तिचंच लुगडं ताई मागून आणत आणि न धुता नेसत. म्हणायच्या, "धुतलं की बाई निघून जाते त्यातून."

शेवटचा पिक्चर फुलबाईचा. तिचा नवरा भनपुरीतल्याच एका कारखान्यात भट्टीपाशी जळून मेला होता. कारखाना म्हणे, बाहेर रस्त्यावर अपघातात मेला. फुलबाईची कोर्टात साक्ष व्हायची होती. पिक्चरमध्ये तिचं नाव बदललं, गाव बदललं. लुगडं तेच राहिलं; हिरवं, पदराला पिवळं ठिगळ.

पिक्चर दाखवल्याच्या तिसऱ्या दिवशी कारखान्याची दोन माणसं तिच्या वस्तीत विचारत फिरली, पिवळ्या ठिगळाचं लुगडं कोणाचं? फुलबाई पळत ताईंकडे आली. "दीदी, ओमन जान गे हें," एवढंच बोलली. त्यांना कळलं होतं.

ताई आईला म्हणाल्या, "मीच तिचं घर दाखवलं न बाई. मले समजलंच नाही."

साक्षीला अकरा दिवस होते. फुलबाईला आमच्या खोलीत ठेवायचं ठरलं. बाबा आधी नको म्हणाले, आमच्या वेळी कोण आलं होतं? मग स्वतःच दाराशी खाट टाकून बसले.

ताई रजा टाकून रोज तेच लुगडं नेसून भनपुरीला उतरत आणि गल्ल्यागल्ल्यांतून हिंडत. फुलबाईला तिकडेच लपवलंय असं वाटून ती माणसं ताईंच्या मागेमागे हिंडत. काहून जाता, म्हणून आई रडली.

"फिरू दे न पोट्ट्यांले माझ्यामागे," ताई हसल्या. "एवढा मोठा रोल मले कोणी देल्ला होता?"

दहाव्या दिवशी त्या परतल्या नाहीत. पोलिसांनी कागदावर लिहिलं, रस्त्यावर अपघात.

अकराव्या दिवशी बाबा फुलबाईला घेऊन कोर्टात गेले. तिनं साक्ष दिली. तिचा नवरा कारखान्याच्या आत, भट्टीपाशी मेला, असं निकालात लिहिलं गेलं.