बिनखुर्चीचं घर

फरिदाबादच्या पलीकडे, अरवलीच्या पायथ्याशी, दोन खोल्या आणि थोडी जमीन घेऊन मी एकटा राहतो, त्याला आता तीन वर्षं होतील. बायको त्याआधीच गेली; मूलबाळ नाही. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात मी उपसचिव होतो. बढतीच्या यादीत नाव लागणार हे कळलं, त्याच आठवड्यात मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. शेजारच्या खोलीतला सहकारी धावत आला. “यार, पागल हो गया क्या?”

त्याचं चुकत नव्हतं. त्या जगात मी काही साधुसंत नव्हतो. कोणाला कोणत्या टाइपचं क्वार्टर मिळालं, बैठकीत साहेबांनी आधी कोणाकडे पाहिलं, हे सगळं मला तोंडपाठ असायचं. माझ्याआधी दुसऱ्याला मोठं क्वार्टर मिळालं तर मला जेवण जात नसे. बायको हॉस्पिटलात असतानाही मी तिच्या उशाशी बसून, क्वार्टरच्या यादीत माझा नंबर कितवा, ते मोबाइलवर पाहत होतो. ती गेल्यावर मला स्वतःचीच शिसारी आली.

इथे सकाळी सातभाई पक्ष्यांचा थवा अंगणात भांडत उतरतो. मेथी मी लावतो आणि नीलगायी खातात. टेकडीवरच्या झाडांवर ऊन चढताना पाहत बसलं की खरंच बरं वाटतं. एकटंही वाटतं, ते कशाला लपवू? काही दिवशी दूधवाल्याशी झालेली दोन वाक्यं, एवढंच दिवसभराचं बोलणं. मराठी तर फक्त सातभाईंच्या वाट्याला येते, आणि तीही शिव्यांपुरती.

बाबा, म्हणजे माझे वडील, दिल्लीतल्या द्वारकेला धाकट्या भावाकडे असतात. वय शहाऐंशी. आम्ही यवतमाळकडचे, बौद्ध. बाबा मॅट्रिक होऊन गावातून निघाले ते दिल्लीत कारकून झाले, आणि मग अभ्यासासाठी आम्हा दोघा भावांच्या हात धुऊन मागे लागले. मी नोकरी सोडल्याचं कळल्यावर मात्र त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. ओरडले असते तर परवडलं असतं. दोन वर्षं ते इकडे फिरकलेही नाहीत. मला आता जगात कोणाची शाबासकी नको होती. फक्त बाबांनी एकदा येऊन “बरं केलंस” म्हणावं, एवढंच हवं होतं.

गेल्या हिवाळ्यात ते आले. भावाच्या गाडीतून, सूट-टाय घालून. घराबाहेर पडायचं तर सूट, हा त्यांचा नियम. मी दोन दिवसांपासून तयारीला लागलो होतो. चुलीवरच्या भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. बाबा मूळचे गावचे, हे सगळं पाहून त्यांना भरून येईल, अशी माझी खात्री. कडुनिंबाखालची जागा शेणाने सारवून तिथे चटई अंथरली होती. “या बाबा, बसा,” मी म्हणालो.

ते उभेच राहिले. “खुर्ची?”

“खुर्ची नाहीये बाबा. होत्या त्या सगळ्या देऊन टाकल्या. गरजच पडत नाही.”

हे मी जरा छाती फुगवूनच सांगितलं. दिल्लीहून कोणी जुने सहकारी आले की त्यांनाही हेच ऐकवायचो आणि ते तोंडात बोटं घालायचे. घरात एक खुर्ची नाही, म्हणजे मी या सगळ्यांच्या किती पुढे गेलो! शर्यत सोडली म्हणता म्हणता मी दुसरी लावली होती.

बाबा परत गाडीत जाऊन बसले. दार उघडं ठेवलं, मांडीवर ताट घेतलं आणि जेवले. भाऊ चटईवर, मान खाली घालून. जेवण झाल्यावर बाबांनी मला जवळ बोलावलं.

“माझा बाप जन्मभर पाटलाच्या ओट्याखाली मातीत बसला. तुला आवडतं म्हणून तू बसतोस. त्याला कोणी विचारलं नव्हतं.” मग रिकामं ताट माझ्या हातात दिलं. “भरीत बिल्कुल मस्त झालंय. चलो, निघतो आता.”

आजोबांचं ते बसणं मी लहानपणापासून ऐकत आलेलो. तरी चटई अंथरताना आठवलं नाही. एवढा शिकलासवरला मी, आणि बापाला मातीत बसवायला निघालो होतो. लाज वाटली. अजून वाटते.

दुसऱ्याच दिवशी बाजारातून एक लाकडी खुर्ची आणली आणि फोन केला. “बाबा, खुर्ची आणली.”

“अच्छा. तू बसतोस का तिच्यावर?”

मी एकदाही बसलो नव्हतो. “बसतो,” म्हणालो.

ते म्हणाले, “मग माझ्यासाठी वेगळी आण. बापलेक बसू.”

दुसरीही आणली. पण फेब्रुवारीत बाबा बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. आता त्यांना एवढ्या लांबच्या प्रवासाला न्यायचं नाही, असं डॉक्टर सांगतात. दर रविवारी मी मेट्रोने द्वारकेला जातो आणि त्यांच्या पलंगाशी बसतो. भावाच्या घरात एक खोली माझ्यासाठी रिकामीच ठेवलेली असते. तिथे राहिलो तर बाबांचे उरलेले दिवस मला मिळतील, हे मला नीट कळतं. तरी संध्याकाळ झाली की मी चपला शोधू लागतो. “राहा,” असं बाबा म्हणत नाहीत, आणि मी राहत नाही.