मल्हारगंजात पोहोचलेली लाट

मुलांनो, तुमच्याकडे यायच्या व्हिसासाठी फोटो हवे होते, म्हणून मंगळवारी मी मल्हारगंजातल्या एका स्टुडिओत गेले. तिथला माणूस लग्नांचे व्हिडिओ काढतो. त्याचं नाव विचारायचं राहिलं. माझे फोटो छापून होईपर्यंत त्याने मला कॉम्प्युटरवर समुद्र दाखवला.

हिवाळ्यात एका वऱ्हाडाबरोबर तो नॉर्वेला गेला होता. परतीच्या दिवशी सकाळ मोकळी मिळाली, तेव्हा एकटाच खडकाळ किनाऱ्यावर गेला. बाकी सामान बांधून झालं होतं. हाताशी एक कॅमेरा आणि एकच बॅटरी, तीही थंडीने भराभर उतरणारी. स्टँड नाही, म्हणून त्याने कानटोपीत खडे भरून कॅमेरा त्यावर टेकवला. बॅटरी काढून बगलेत धरली आणि समुद्र खवळेपर्यंत दोन तास उभा राहिला. हे सांगतानाही त्याचा हात नकळत बगलेशी गेला.

"आजी, नवरीला 'एक बार और' म्हणता येतं. समुद्राला कोण म्हणणार?"

चित्रण जेमतेम चार मिनिटांचं होतं.

"इथे सगळे विचारतात, भिया, इसमें दुल्हन कहाँ है? आता मलाच वाटतं, तिथे जे पाहिलं ते यात आलंच नाही."

मी चष्मा पुसून बसले. बर्फाने माखलेले काळे कडे, करडं पाणी. मग त्या पाण्याची एक भिंतच उठली आणि कड्यावर फुटली. भानावर आले तेव्हा माझे दोन्ही पाय जमिनीवरून उचललेले होते आणि साडीच्या निऱ्या मुठीत होत्या.

तो स्क्रीनकडे नाही, माझ्या पायांकडे पाहत होता.

"बस, आजी," तो म्हणाला, "पोहोचली."