देवाने धरलेली सीट

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, जिथे माझी थोरली बहीण दिली होती, त्या वाडीत अजूनही एक गोष्ट सांगतात. ग्रामदेवाने एकदा अमेरिकन गाडीची सीट धरून ठेवली आणि गाडी चालवणाऱ्याला शिक्षा केली. मुंबईहून गणपतीला आलेली मुलं ती मलाच ऐकवतात आणि विचारतात, “तुम्ही होता ना तेव्हा?” मी होतो. इतकी वर्षं मी “जुनी गोष्ट रे” म्हणत चहाचा कप तोंडाला लावत आलो. आता ते सगळं पाहिलेलं माझ्याखेरीज कुणी उरलेलं नाही. मला खोटं पाडणारं कुणी नाही आणि माफ करणारंही नाही. तेव्हा लिहून टाकतो.

गाडी चालवणारे म्हणजे माझे दाजी, आक्काचे यजमान. वाडीतून मुंबईला गेलेले बहुतेक गिरणीत लागले. दाजी एका शेठकडे ड्रायव्हर झाले. वाडीत त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. म्हातारीकोतारीसुद्धा “डायवर” म्हणत, आणि तेही मोठ्या खुशीने ओ देत. भातशेती भावांकडे होती. दाजींकडे चाक होतं.

महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं आणि आमचा जिल्हा अजून कुलाबा म्हणवत होता, तेव्हाची ही गोष्ट. उन्हाळ्यात शेठ घरच्यांसह महाबळेश्वरला आले. तिथल्या बंगल्याच्या आवारात माकडं गाडीच्या टपावर नाचायला लागली. शेठ दाजींना म्हणाले, “दोन दिवस घरी जाऊन ये, पण गाडी घेऊन जा. तुझ्या गावची माकडं तरी तुझं ऐकतील.” दाजी ती आकाशी रंगाची, होडीएवढी लांब गाडी घेऊन आंबेनळी घाट उतरले आणि वाडीखालच्या देवळापाशी, जिथे रस्ता संपत होता, तिथे उभे राहिले.

सगळी वाडी खाली आली. दाजींनी दारं उघडली, भोंगा वाजवला आणि मग खरा खेळ दाखवला. पुढची सीट म्हणजे आडवं एकसंध बाकडं होतं. ड्रायव्हरच्या अंगाला तिच्या कडेवर चकचकीत बटणं होती. एक दाबलं की दाजींसकट सीट पुढे जाई, दुसऱ्याने मागे, तिसऱ्याने वर, चौथ्याने खाली. खाली मोटर घरघरे आणि दाजी पालखीतल्या देवासारखे सरकत.

“ह्ये सगळा कशावर चालतंय, डायवर?” देवाच्या मानकरी म्हाताऱ्याने विचारलं.

“ह्या बटनांवर, तात्या. सगळा जीव हितं हाय.”

आमच्याकडे नव्या वस्तूला नारळ फोडल्याशिवाय ती वापरत नाहीत. नांगर असो, शिवणयंत्र असो. गाडी शेठची होती, पण आपल्या माणसाच्या हातात म्हणजे आपलीच, असं ठरलं. तात्यांनी देवळाच्या पायरीवर नारळ फोडला. चाकांना पाणी शिंपडलं, नाकाडाला शिंपडलं. मग जिथे सगळा जीव आहे असं खुद्द ड्रायव्हरने सांगितलं होतं, तिथे उरलेलं सगळं पाणी ओतलं आणि वर हळदकुंकू सोडलं. दाजी हात जोडून सीटवरच बसले होते.

थोड्या वेळाने सीट आपोआप निघाली. पुढे आणि वर. दाजींचं पोट चाकाला टेकलं, डोकं टपाला. मग ‘टक’ आवाज होऊन ती थांबली. सगळे श्वास सोडतात तोच पुन्हा घरघर, पुन्हा टक.

“अवो, उतरा ना खाली!” आक्का ओरडली.

“कसा उतरू गो! धरलंय मला!”

दोघांनी पाय धरून त्यांना बाहेर ओढलं. किल्ली काढली की सीट गप्प होई, किल्ली फिरवली की पुन्हा सुरू. तात्यांनी देवापुढे गाऱ्हाणं घातलं आणि कौल लावला. देवाच्या पाषाणाला डावी-उजवीकडे ओल्या कळ्या चिकटवतात. उजवी पडली तर देव हो म्हणतो, डावी पडली तर नाही. “म्हाराजा, गाडी सोडतोस काय?” डावी पडली. मात्र “लेकराला म्हाडाला मेव्हण्याकडं जाऊ देतोस काय?” यावर उजवी पडली. असं माझं नाव देवाच्या दरबारातून निघालं.

मी महाडला सावित्रीच्या पुलाजवळ एका गॅरेजात विजेचं काम करत होतो. लॉऱ्यांचे डायनॅमो, बॅटऱ्या, भोंगे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी आमच्या दारात आली तेव्हा आधी दाजींचं डोकंच दिसलं. टपाखाली जागा नसल्याने ते खिडकीतून डोकं बाहेर काढून आले होते, पोलादपूरपासून तसेच. डोळ्यांत धूळ, कपाळावर कुंकू.

“पावनं,” ते म्हणाले, “उद्या सकाळी शेठला घ्यायला वर जायचा हाय. ही अशीच राहिली तर माझी नोकरी गेली म्हना.”

उस्ताद लग्नाला गेले होते. अशा सीटबद्दल मी कधी ऐकलंही नव्हतं. पण गाडीभोवती अर्धं महाड जमलं होतं, आणि मी चोवीस वर्षांचा होतो. मी म्हणालो, “काही नाही, मोटर आहे. उघडून बघतो.”

आता, शहाण्या माणसाने आधी बटण बघितलं असतं. सीट थांबताना होणारा तो ‘टक’ ऐकून मला कळलंही होतं की मोटर ठणठणीत आहे. सीट पुढे जाऊन अडली की मोटरवर ताण येतो, वीज तोडणारं एक डबडं ती तोडतं, आणि थंड झालं की पुन्हा जोडतं. कुणीतरी सतत ‘पुढे’चं बटण दाबून धरावं तसा हा प्रकार होता, म्हणजे दोष बटणातच. पण बटण काढायला दोन स्क्रू लागतात, आणि दोन स्क्रूंचं काम बघायला माणसं जमत नाहीत. मी अख्खी सीट काढली आणि रस्त्यावर ठेवली. लोक त्या गादीवर पाळीपाळीने बसायला लागले. एक पोस्टमन तर टपाल वाटायचं सोडून तिच्यावर पाय पसरून बसला. मी खालची मोटर सोडवली, तिच्या तारा सोडल्या, ती बॅटरीवर धरून फिरवून दाखवली. लोकांनी “वा!” केलं. आत काही बिघडलेलंच नव्हतं.

मोटर परत लावायला घेतली तेव्हा मला मुंग्या दिसल्या. दारातून, पायदानावरून सरळ रांग बटणांकडे चालली होती. बटणांची पट्टी काढली तर आत नारळपाण्याचा चिकट थर, कुंकवाचा लगदा आणि मुंग्यांचं लग्न लागलेलं. ओल्या खारटगोड पाण्यातून वीज वाहत होती, आणि ‘पुढे’चं आणि ‘वर’चं बटण आतून दाबल्यासारखं राहिलं होतं. मी पेट्रोल आणि दात घासायच्या ब्रशने सगळं साफ केलं, वाळवलं, बसवलं. एवढंच काम होतं. सकाळी अर्ध्या तासात झालं असतं.

संध्याकाळ होत आली होती. सीट बोल्टांनी घट्ट बसवली, किल्ली फिरवली. गप्प. दाजींचे डोळे भरून आले. मी बटण दाबलं, पुढे. सीट मागे गेली. वरचं दाबलं. खाली गेली.

उस्ताद नेहमी सांगत, तार सोडण्याआधी तिला दोरा बांध. लोक बघत असताना दोरा बांधायचा म्हणजे आपल्याला लक्षात राहत नाही अशी कबुली देणं. मी बांधला नव्हता. मोटरच्या दोन तारा अदलाबदल झाल्या होत्या. पुन्हा सीट काढायची, पुन्हा सगळं उघडायचं, तेही त्याच लोकांपुढे. दाजींनी विचारलं, “पावनं, ह्ये उलटा कसा?”

आणि मी म्हणालो, “दाजी, हेच सुलट. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालतात?”

“उजव्या म्हनतात.”

“मग? तिथलं सगळंच उलटं. मुंबईत कुणीतरी हे बदलून ठेवलं होतं. मी मूळ केलं.”

लोकांनी माना डोलावल्या. पोस्टमन म्हणाला, “बरोबर, त्यांची सकाळसुद्धा आपल्या रात्री होते.” दाजी तर एवढे खूश झाले की निघताना गाडीत बसून पाठ करत होते, “पुढं म्हंजे मागं, मागं म्हंजे पुढं.” मी हात हलवला.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मला दाजींनीच सांगितलं. परतीच्या वाटेवर शेठ पुढे त्यांच्या शेजारी बसले. मागे शेठाणी, शेठची आई आणि तुतीच्या टोपल्या. घाटात एका वळणाआधी शेठ म्हणाले, “पाय आखडले रे, सीट जरा मागे घे.” नेमकी समोरून लॉरी आली. दाजींचा मंत्र तोंडातल्या तोंडात उलटला. मागे म्हणून त्यांनी मागेच दाबलं. सीट पुढे निघाली, चाक छातीला भिडलं, हात अडकले. ब्रेकवर मात्र त्यांनी पाय घट्ट ठेवला. गाडी डोंगराकडच्या गटारीत अलगद, बैल बसावा तशी बसली. कुणाला ओरखडाही नाही. फक्त टोपल्या पुढे आल्या आणि शेठचे पांढरे कपडे जांभळे झाले.

“हे काय केलंस?” शेठनी विचारलं.

दाजींनी खूप विचार केला. सीट दुरुस्त झाली होती, मेव्हण्याने सांगितलं होतं. बटणं बरोबर होती, तेही मेव्हण्यानेच सांगितलं होतं. मग उरला कोण? त्यांनी शेठना नारळाची आणि कौलाची सगळी हकिगत सांगितली. गाडी देवाने सोडलेली नाही, असंही सांगितलं. शेठ रागावले असते तर बरं झालं असतं. ते घाबरले. हात जोडून म्हणाले, “तुझ्या देवाशी माझं काही भांडण नाही. पण तू आता माझ्या गाडीत नको.” पुढे त्या गाडीतून सीट काढून साधं बाकडं बसवल्याचं ऐकलं.

दाजी वाडीवर परत आले. देवळात बैठक बसली आणि मलाही बोलावणं आलं, गाडीतला जाणकार म्हणून. तात्यांनी कौल लावण्याआधी सगळ्यांसमोर मला विचारलं. म्हातारा रीतीचा पक्का होता.

“पावनं, तुमी गाडी उघडून बघितली. आता देवाम्होरं सांगा. गाडीत काय दोष ऱ्हायला व्हता काय?”

दाजी माझ्याकडे बघत होते. संशयाने नव्हे. मी त्यांच्या बाजूने काहीतरी बोलेन, या आशेने.

मी म्हणालो, “नाही. गाडीत दोष नव्हता.”

“मंग दुसरा काय?” तात्या म्हणाले आणि कळ्या लावल्या. डायवराच्या हाती चाक राहावं काय? डावी पडली. पुन्हा विचारलं. पुन्हा डावी. दाजींनी देवाला शब्द दिला की पुन्हा चाकाला हात लावणार नाही, आणि चूक पदरात घ्यावी म्हणून कोंबडा दिला. त्या कोंबड्याची तंगडी जाणकाराचा मान म्हणून माझ्या ताटात आली. मी ती खाल्ली. चांगली झाली होती.

पुढे वाडीवर जीप आली, पुतण्यांचे टेंपो आले. महाडला कारखाने आल्यावर ड्रायव्हर शोधत माणसं बिरवाडीपर्यंत फिरायची. दाजी नाचणी आणि वरी करत राहिले. पुतणे आग्रह करायचे, “काका, देवळापत्तूर तरी चालवा!” ते म्हणायचे, “नाय रे, मनाई हाय.” त्यांना ‘डायवर’ म्हणणारी माणसं हळूहळू मेली. नवीन पोरांना ते नुसते काका होते. मी ठीकठाक चालणारं स्वतःचं दुकान काढलं. वाडीवर गेलो की लोक सांगत, देवाने धरलेली गाडी यांनी सोडवली होती.

सांगायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. एका शिमग्याला मी धीर करून म्हणालो, “दाजी, त्या सीटच्या तारा...” ते म्हणाले, “पावनं, तुमी काय कमी केलात? दिवसभर जेवला न्हवता.” आक्का गेली तेव्हा तिच्या दिवसांना सांगेन म्हणून गेलो, आणि दाजींनी मलाच धीर दिला. एकदा ठरवून बस पकडली आणि पोलादपूरला उतरून, वडापाव खाऊन, परतीच्या बसने घरी आलो.

शेवटचं भेटलो तेव्हा ते अंथरुणाला होते. खोलीत आम्ही दोघंच. मी काही बोलायच्या आत तेच बोलले.

“मी कदी कदी इचार करतो, पावनं. माझी येवढी काय चूक झाली आसंल? गाडी माझी न्हवती, ती माझी म्हनून मिरवली, ह्येच ना? येवढ्याशा गोष्टीला देवानं जल्मभर धरला. पन आसंल, त्याला ठावं.”

मला वाटायचं की त्यांनी त्या शिक्षेशी जुळवून घेतलं आहे. त्यांनी नव्हतं घेतलं. इतकी वर्षं ते हिशेब लावत पडले होते आणि तो लागत नव्हता, कारण त्यातली रक्कम माझ्याकडे होती. मी तोंड उघडलं. त्यांना खोकल्याची उबळ आली, मी पाणी दिलं, मग सून पेज घेऊन आली. मी उठलो आणि म्हणालो, “येतो दाजी, जपा.” ते गेल्याचा निरोप पुढच्या आठवड्यात आला.

काय बोलायचं ते पाठ होतं. तसंच इथे ठेवतो.

दाजी, तुमची काही चूक नव्हती. देवाने तुम्हाला धरलं नव्हतं. दोन तारा मी उलट्या जोडल्या, मला ते त्याच संध्याकाळी दिसलं होतं, आणि चार माणसांत हसं होईल म्हणून मी तुम्हाला आधी अमेरिकेचं नाव सांगितलं आणि मग देवाचं नाव पुढे होऊ दिलं. तुम्ही घाटात ब्रेकवर पाय ठेवलात म्हणून गाडीतली चारही माणसं वाचली. तुम्ही चांगले ड्रायव्हर होता, दाजी. मला माफ करा.