पुसून काढलेली शर्यत

दसऱ्याच्या सकाळी बाहेरच्या खोलीत आलो, तर टेबलावर माझी गाडी लखलखत होती. बॉनेटवर कुंकवाचं ओलं स्वस्तिक, पुढ्यात झेंडूचं फूल.

ही गाडी हातभर लांब आहे, जुन्या काळच्या शर्यतीच्या गाडीची प्रतिकृती. पत्रा कापण्यापासून चाकांत तारा ओवण्यापर्यंत सगळं मी घरी केलं. पण सर्वांत जास्त जीव ओतला तो मळावर. सायलेन्सरची काजळी, तेलाचे ओघळ, बाजूंवर उडालेला चिखल, सगळं रंगाच्या भुकटीने बारीक ब्रश घेऊन चढवलं होतं. मला नुकतीच शर्यत संपवून आलेली गाडी हवी होती. वहिनींनी अंगणात स्कूटर धुतली आणि त्याच ओल्या फडक्याने माझी शर्यतही पुसून टाकली.

"किती मळली होती हो भावोजी," त्या म्हणाल्या.

सण होऊन गेला. राग मात्र अजून उतरलेला नाही. आपल्याला कष्टाची खूण बघवतच नाही. देवळाच्या जुन्या दगडालाही आपण ऑइलपेंट फासतो, आणि 'अगदी नव्यासारखं' ही आपली सर्वांत मोठी शाबासकी. झिजलेलं, दमलेलं काही दिसलं की हात फडक्याकडेच जातो.

आणि खरी चीड याची, की मला धड चिडताही येत नाही. घरात बाकी सगळे या गाडीला माझं खेळणं म्हणतात. खेळण्याची पूजा कुणी करत नाही.