दुसऱ्या बोलीचा माणूस

हिंगण्याला एखादा कारखाना बंद पडला की त्याच्या आवारात जुन्या मशिनींचा लिलाव व्हायचा. आम्ही भंगारवाले सकाळपासून आत फिरत असायचो. मोटर हातानं फिरवायची, बेअरिंगला कान लावायचा, चौकटीवर पाना आपटून ते बीड आहे की पोलाद हे आवाजावरून ओळखायचं. आणि चेहरा असा ठेवायचा, की घरी पंगत वाढून ठेवली आहे आणि इथं उगाच वेळ चालला आहे. मग बोली सुरू व्हायची. आरडाओरडा, टोमणे, एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार. माझा आवाज मोठा होता आणि राग त्याहून मोठा. दोन्ही धंद्याच्या कामी आले.

माझा धंदा मात्र हरलेल्या बोल्यांवर उभा राहिला. तिथला रिवाज असा होता की ज्याची बोली सर्वांत वर गेली त्यानं संध्याकाळपर्यंत पैसा भरायचा. तोंडानं उंच जाणारे पुष्कळ असत. संध्याकाळी खिसा उघडायची वेळ आली की त्यांची मोटारसायकल बुटीबोरीच्या रस्त्याला लागलेली असे. मग माल दुसऱ्या बोलीवाल्याला, त्याच्याच भावात. पण हा दुसरा माणूस जागेवर हजर पाहिजे. बाकीचे हरले की तणतणत घरी जात. मी गेटसमोरच्या चहाच्या ठेल्यावर बसून राहायचो. आवारातला मुनीम बाहेर येई, डोळ्यांवर हात धरून इकडेतिकडे बघे.

"दुसरा कोन होता बे? हाय का गेला?"

"हाय ना भाऊ. तुमच्यासाठीच तं बसलो."

"बस तू. एक दिवस हा ठेलाच तुह्या नावावर होते."

मग तिथंच, उभ्या उभ्या, खरी घासाघीस होई. ठरलेला भाव पुन्हा उकलायचा, उचलायची मजुरी कुणाची, तुटलेल्या पट्ट्याचे किती कमी. मुनीम निघून जाई, परत येई. मी निघून जाई, तो हाक मारी. माझं पहिलं लेथ मशीन मला असंच मिळालं. विणकराच्या घरातला मी. वडील मागावर, थोरला भाऊ मागावर, आणि मला बैठं काम जमत नाही म्हणून सारं घर मला उडाणटप्पू म्हणायचं. त्या ठेल्यावर मात्र मी तासन् तास बसू शकायचो.

ते लिलाव आता मोबाइलवर गेले. कंपन्या मालाचे फोटो टाकतात, घरी बसून बोली लावायची. बोली लावणाऱ्याचं नाव दिसत नाही, नावाच्या जागी चांदण्या असतात. चांदण्यांना शिव्या काय देणार? मी तेही शिकलो, धंदा सोडता येत नव्हता. पण जिंकलो तरी कुणाला हरवल्यासारखं वाटेना.

दादा, माझा थोरला भाऊ, अजून आमच्या जुन्या वस्तीतल्या घरात माग चालवतो. आमच्या गल्लीत पूर्वी दारादारातून धोट्याचा आवाज यायचा. आता पोरं हिंगण्याच्या कंपनीत नाहीतर दुकानांत, आणि आवाज तेवढा दादाच्या घरातून. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या मागावरची डॉबी मोडली. डॉबी म्हणजे मागाच्या माथ्यावर बसणारी पेटी. पावडी दाबली की तिचे आकडे ठरलेले धागे उचलतात आणि लुगड्याच्या काठावर नक्षी उतरते. तिची बिडाची चौकट मधोमध तडकली होती. मी ती हिंगण्याला नेऊन जोडून आणली, आठवड्यात पुन्हा तडकली. बीड जोडून टिकत नाही हे मला ठाऊक होतं, तरी कारागिराशी भांडलोच. ह्या जुन्या मापाची डॉबी आता कुणी बनवत नाही.

इकडे दादाचा मुलगा मागाची खोली भाड्यानं द्यायला टपलेला. दादानं त्याला सांगितलं, दिवाळीपर्यंत डॉबी आली तर माग चालेल, नाही आली तर माग खोलून काकाच्या भंगारात टाक. हे सांगताना दादा हसला. मला हसू आलं नाही.

शोधत शोधत एका लिलावाच्या साइटवर मला तशीच डॉबी दिसली. विकणारा कर्नाटकातल्या एका लहान गावचा. मी लगेच माझी जुनी विद्या काढली. तिथं मालाखाली प्रश्न विचारायची जागा असते. मी लिहिलं, बाहेर सौदा करायचा असेल तर फोन करा. साइट फोन नंबर खोडून टाकते, म्हणून आकडे अक्षरांत लिहिले: नऊ, आठ, असे सुटे सुटे. बायकोला दाखवलंसुद्धा.

"बघ, कमिशन वाचवलं."

"वाचलं की मंग सांगा जी," ती म्हणाली.

लिलाव भर दुपारी संपणार होता. मी जेवणाचं ताट बाजूला सारून बसलो होतो. शेवटच्या क्षणी कुणी एक चांदणीवाला माझ्यावर चढला आणि वेळ संपली. मी मोबाइल गादीवर आपटला. दादाचा फोन आला.

"भेटली का गा?"

"पाहून राहिलो ना! काहून घाई करतं?"

"मी कायले घाई करू? घाई तं दिवाळीले हाय."

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर निरोप आला. "भाईसाहब, पहली पार्टी पलट गई. आप दूसरे नंबर पे थे. माल चाहिए क्या?"

काय सांगू मला काय वाटलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी गेटबाहेर येऊन डोळ्यांवर हात धरला होता. दुसरा हाय का गेला?

मी फोन लावला. माणूस गोड बोलणारा. मी माझ्या बोलीच्याही खाली भाव सांगितला. तो म्हणाला, "भाईसाहब, बच्चों का पेट मत काटो." मी म्हणालो, "बच्चे तेरे, पेट मेरा क्यूं कटे?" तो खळखळून हसला. मग त्यानं फोन ठेवला. तासाभरानं त्याचाच आला, थोडा उतरला. मी म्हटलं राहू दे. तो पुन्हा उतरला, पण वाहतूक माझ्या गळ्यात घातली. ती मी अर्धी त्याच्या गळ्यात परत घातली. अशी घासाघीस मला कित्येक वर्षांत कुणी दिली नव्हती. संध्याकाळी सौदा पटला तेव्हा मी खोलीत फेऱ्या मारत होतो आणि बायको म्हणाली, "लग्न ठरलं का काय कोनाचं?"

आधी बयाणा म्हणून थोडे पैसे पाठवले. बाकीचे बिल्टी दाखवल्यावर, हा आमच्या धंद्याचा जुना कायदा: ट्रान्स्पोर्टची बिल्टी, म्हणजे माल घेतल्याची पावती, हातात आली की माल गाडीत चढला. त्यानं बिल्टीचा फोटो पाठवला. शिक्का, सही, गाडीचा नंबर, सगळं होतं. मी बाकीचे पाठवून दिले. खरी बिल्टी कार्बनची, बोटाला निळी लागणारी. फोटो बोटाला लागत नाही.

वाडीच्या ट्रान्स्पोर्ट गोदामात मी टेम्पो घेऊन गेलो. तिथल्या माणसानं मोबाइलवरची बिल्टी मोठी करून पाहिली आणि मला बसायला स्टूल दिलं. तेव्हाच मी समजलो. हे लोक गिऱ्हाइकाला कधी स्टूल देत नाहीत.

"काका, ह्या नंबरची बिल्टी आमच्याकडं निघतच नाही."

त्या गोड बोलणाऱ्याचा फोन बंद. मी बंद फोनला दोन दिवस शिव्या दिल्या, आणि मग तक्रार करायला गेलो. सायबर पोलिसांत एक तरुण मॅडम होत्या.

"काका, तुमचा नंबर त्याला कुणी दिला?"

"मीच टाकला होता. साइटवर."

"साइट तर नंबर खोडते ना?"

"अक्षरांत लिहिला होता."

त्यांनी पेन खाली ठेवलं. हसल्या नाहीत, एवढं त्यांचं भलं. मग समजावलं: हरलेल्यांना गाठून 'पहिला पलटला, तुम्ही घ्या' म्हणणारे चोर असेच प्रश्नांच्या जागा वाचत फिरतात, खरी दुसरी संधी आली तर ती साइटच्या आतच येते आणि पैसाही आतच भरायचा असतो, आणि फसलो हे कळताच त्याच घटकेला हेल्पलाइनला फोन केला तर कधी कधी रक्कम वाटेत अडवता येते. माझी अडली नाही. साइटवाल्यांना लिहिलं तर एका ओळीचं उत्तर आलं: व्यवहार आमच्या बाहेर झाला आहे. त्या ओळीवरचा माझा राग आजही तसाच आहे. तुमच्याच दारात उभा राहून तो माणूस माझ्या खिशात हात घालतो आणि तुम्ही म्हणता, बाहेर! हिंगण्याच्या आवारात असं झालं असतं तर मुनिमानं त्या चोराला गेटबाहेर जाऊ दिलं नसतं, आणि त्यानं जाऊ दिलं असतं तरी आम्ही नसतं दिलं.

दादाला सांगायला गेलो. तो मागाच्या रिकाम्या माथ्याखाली बसून सुपारी कातरत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुले फसवनारा भेटला म्हन्जे गजबच मानूस असन."

"हासू नको दादा."

"हासत नाही गा. राहू दे आता. खोली देऊन टाकू. माह्या पायालेही आराम भेटन."

त्याला आराम नको होता हे मला दिसत होतं. बोलता बोलता त्याचा उजवा पाय जमिनीवर पावडी दाबत होता.

घरी येऊन मी रागाच्या भरात खऱ्या विकणाऱ्याला साइटच्या आतून संदेश लिहिला. चोर, लफंगे, तुमची टोळी आहे, वगैरे. उत्तर शांत आलं, मोडक्या हिंदीत. त्याची डॉबी आठवड्यापूर्वीच जिंकणाऱ्याकडे पोचली होती, कुणी पलटलं नव्हतं, आणि मला त्यानं कधी फोन केला नव्हता. शेवटी लिहिलं होतं: एक अजून आहे, चौकट चांगली पण आकडे बरेच गेलेले, म्हणून विकायला टाकली नाही.

आता मी काय करावं? शहाणा माणूस तिथंच थांबला असता. मी लिहिलं, आजच्या पेपरशेजारी ठेवून हालवून दाखवा, व्हिडिओ पाठवा. त्याला राग आला. "इतना शक?" मी लिहिलं, हो, इतना. त्यानं व्हिडिओ पाठवला; कन्नड पेपर, लोखंडी दांडा वर-खाली, आणि मागे कुणीतरी बाई त्याला काहीतरी सुनावते आहे. मग तो म्हणाला, पैसा साइटमधूनच भरा, माल मिळाला म्हणून तुम्ही कळवाल तेव्हा तो मला मिळेल. मागच्या वेळी एकानं बाहेरून देतो म्हणून माल नेला आणि पैसे बुडवले. म्हणजे तोही माझ्यासारखाच पोळलेला. त्यानं माल लिलावात टाकला. बोली लावणारा मी एकटा. जिंकलो. कुणी ओरडलं नाही, कुणी उतरलं नाही. वाहतुकीत थोडं कमी करा म्हणून लिहून पाहिलं, तर नुसतं हात जोडल्याचं चित्र आलं. ताटात मिठाशिवाय भाजी वाढावी तसं झालं.

पेटी दिवाळीच्या आधी आली. दादाच्या घरीच उघडली. उघडताना व्हिडिओ काढायचा असतो, म्हणजे आत वीट निघाली तर दाखवता येतं. बायकोनं मोबाइल धरला होता.

"आता तुम्ही नवरदेवासारखे बाजूले व्हा, माल दिसू द्या," ती म्हणाली.

आत वीट नव्हती. चौकट अखंड होती. गेलेल्या आकड्यांच्या जागी दादानं जुन्या डॉबीतले आकडे एकेक करून बसवले. मी मध्ये बोट घातलं की हातावर फटका देई. साइटचा निरोप दोनदा येऊन गेला: माल ठीक असल्यास कळवा, म्हणजे विक्रेत्याला रक्कम जाईल. खाली दुसरं बटण होतं, मालात दोष आहे. मी ठरवलं, काठाची नक्षी उतरल्याशिवाय काही दाबायचं नाही.

पहिल्याच दाबाला एक आकडा अडला. दादानं तो काढून बघितला: वाकलेला, आणि नव्या पेटीतलाच. माझे डोळे चमकले.

"दादा, थांब. दोष हाय म्हनून लिहितो. निदान चहापान्याचं तरी कमी करन."

दादानं आकडा दगडावर ठेवून हातोडीनं सरळ केला. "आकडे खराब हाय हे त्यानं आधी सांगतलं होतं ना तुले?"

"सांगतलं होतं."

"मंग?"

"मंग काय, भाव तं..."

"त्या मानसानं तुले खरं सांगतलं गा. तुले आता खऱ्याचाही भाव पाडाचा हाय काय?"

मला राग आला. त्याच्यावर, त्या कन्नड माणसावर, गोड हसणाऱ्या त्या चोरावर. चोरानं मला मन भरून भाव करू दिला होता, आणि खरं बोलणाऱ्यानं एक पैसाही सोडला नव्हता. हे मला अजून पटलेलं नाही.

दादानं आकडा बसवला आणि पावडी दाबली. धागे उचलले गेले. धोटा गेला, परत आला. पुन्हा. थोड्या वेळानं तांबड्या काठावर रुद्राक्षाच्या नक्षीचा पहिला दाणा दिसायला लागला, मग त्याच्या शेजारी दुसरा. दाराशी त्याचा मुलगा येऊन उभा राहिला, थोडा वेळ बघत राहिला आणि खोलीबद्दल काही न बोलता आत गेला.

"दाब गा आता," दादा म्हणाला. "त्याच्याही घरी दिवाळी असन."

मी 'माल ठीक आहे' दाबलं. दादानं वळून पाहिलं नाही. तो पुढचा दाणा विणत होता.