बॉबकटवालीची उलटी फेरी

जगातल्या एकूण कुतूहलापैकी निम्मं तरी माझ्या बायकोच्या आत्यांनी उचललं असावं आणि ते सगळं एका जर्मन इंजिनावर उधळलं असावं. पुण्याच्या कारखान्यात तीस वर्षं ड्रॉइंग काढून त्या निवृत्त झाल्या आणि मुलाकडे परदेशात, ब्रॉसार्डला आल्या, तेव्हा बॅगेत लोणच्याच्या बरण्यांभोवती त्या इंजिनाची ड्रॉइंग्ज गुंडाळलेली होती. आम्ही दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे त्यांच्या प्रश्नांचा पहिला मारा आमच्यावर. नवी किटली दिसली की, "पाणी किती धरते? उकळायला वेळ किती?" हळदीकुंकवाला गेल्या तर वाण घेण्याआधी यजमानीणबाईंच्या कुकरची शिट्टी उचलून बघत. एकदा मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होतो, तर आत्या घड्याळ हातात धरून रस्त्यानं उलट्या चालत आल्या. "जावईबापू, तुमच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत सुलटं एकोणचाळीस सेकंद, उलटं बावन्न. माणूस काही नीट डिझाइन केलेला नाही."

इंजिन मात्र नीट डिझाइन केलेलं होतं. एरवी वाफेच्या इंजिनामागे कोळशापाण्याचा वेगळा डबा असतो; हिच्या पाण्याच्या टाक्या अंगावरच आणि कोळसा पाठीशी. मधे मोठ्या चाकांच्या तीन जोड्या, पुढे आणि मागे लहान चाकांची एकेक. त्यामुळे शेवटच्या स्टेशनावर तिला फिरवून घ्यायची भानगड नाही. ताशी नव्वद किलोमीटर, सुलटीही आणि उलटीही. "टाकी लहान, तेव्हा लांब पाठवू नये," आत्या एखाद्या नाजूक भाचीबद्दल बोलावं तशा सांगत, "पण जवळच्या जवळ दिवसभर ये-जा हिनंच करावी." तिच्या आखूड बांध्यामुळे जर्मन लोक तिला लाडानं बॉबकटवाली म्हणत, हे कळल्यावर आत्यांनी पासष्टाव्या वर्षी आपलेही केस मानेपर्यंत कापून आणले. सूनबाई दोन दिवस त्यांच्याकडे बघायच्याच नाहीत.

बेसमेंटमध्ये तीन हिवाळे खपून त्यांनी त्या इंजिनाची सव्वा मीटर लांबीची प्रतिकृती केली. बॉयलर तेवढा बाहेरून करून आणला. बाकी चाकं, दांडे, झडपा सगळं घरच्या लेथवर. खरा कोळसा, खरी वाफ. दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात ती पुरी होत आली, आणि मुलाला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, व्हँकुव्हरला नोकरी लागली. घर विकलं गेलं. तिकडे कॉन्डोतला फ्लॅट, बेसमेंट नाही. आत्या एवढंच म्हणाल्या, "जाण्याआधी एकदा उलटी पळताना बघायचीय."

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही चौघांनी ते धूड उचलून गावाबाहेरच्या एका हौशी मंडळाच्या छोट्या रुळांवर नेलं. तिथे बॉयलर तपासणारे एक वयस्कर फ्रेंच गृहस्थ होते. त्यांना इंग्रजी येईना, आत्यांना फ्रेंच. पण ड्रॉइंग उलगडलं आणि दोघं तासभर बोटांनी बोलत राहिले. मग आत्या इंजिनामागे जोडलेल्या, माणसांना बसायच्या बुटक्या गाडीवर बसल्या. त्यांच्या मागे मुलगा, सूनबाई, माझी बायको आणि ते गृहस्थ. घड्याळ माझ्याकडे. सुलटी फेरी: दोन मिनिटं चौदा सेकंद. आत्यांचा चेहरा काजळीनं माखलेला आणि डोळे लहान मुलीसारखे. "आता उलटी!"

अर्ध्या वाटेत बॉयलरच्या काचेच्या नळीतलं पाणी उतरू लागलं. बॉयलरला पाणी पुरवणारा पंप अडला होता. ते गृहस्थ "मादाम! मादाम!" करत उभेच राहिले. मी घड्याळाकडे बघितलं: एक मिनिट पाच. तशीच रेटली असती तर फेरी कदाचित पुरी झाली असती, पण बॉयलर जळाला असता. आत्यांनी नळीकडे एकदाच पाहिलं, भट्टीची खीळ ओढली आणि सगळा जाळ खाली पाडला. गाडी थांबली. मग सगळ्यांनी उतरून ती ढकलत आणली.

"थांब ना आत्या, नंतर जा," माझी बायको म्हणाली.

"नाही गं, तिकिटं काढलीयत," म्हणत त्यांनी बॉयलरवरून हात फिरवला. हात भाजला, तरी काढला नाही. त्यांनी इंजिन त्या गृहस्थांकडेच सोडलं आणि दुसऱ्या दिवशी विमानात बसल्या.

ऑक्टोबरात माझ्या पत्त्यावर त्या गृहस्थांचं फ्रेंचमधलं एक कार्ड आलं. पंप दुरुस्त झाला होता. खाली दोन आकडे: सुलटी दोन-तेरा, उलटी दोन-पंधरा. मी लगेच व्हँकुव्हरला फोन लावला.

आत्यांनी दोन्ही आकडे परत सांगायला लावले. मग म्हणाल्या, "दोन सेकंद का बरं? वारा कुठून होता, लिहिलंय का?"

"नाही, आत्या."

"मागे किती जण बसले होते?"

"तेही नाही."

"असू दे," त्या म्हणाल्या. फोनमधून त्यांच्याकडचा पाऊस ऐकू येत होता. "उलटी येताना दिसते कशी हो ती? तुम्ही एकदा जाऊन बघून या. मला सांगा."